लांबीचा रस्ता, रुंदीचे गाव

आंबीहून चाकण किती दूर, असे गावात कोणाला विचारले तर त्याचे उत्तर किलोमीटरांत मिळत नाही. नकाशावर हे अंतर विसेक किलोमीटरांचे आहे; परंतु कारखान्यांची पहिली पाळी सुटण्यापूर्वी निघाल्यास एक, सुटल्यानंतर निघाल्यास दुसरे, आणि इंदोरीच्या पुढे एखादा कंटेनर रस्त्यात आडवा झालेला असल्यास तिसरेच, अशी त्याची तीन-चार मापे येथे प्रचलित असून, लग्नाच्या मुहूर्तापासून बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यापर्यंत ज्याचे जे निकडीचे काम असेल त्याने त्या कामापुरते आपले माप निवडावे, असा एक अलिखित शिरस्ता या भागात पडून गेला आहे. साखरपुड्याची वेळ कळविताना यजमान हल्ली रस्त्याची हकीकतही जोडून कळवितात, आणि उशिरा आलेल्या पाहुण्याला येथे कोणी कारण विचारीत नाही.

आंबी हे मावळ तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. तळेगाव दाभाडे स्टेशनाकडून निघून वराळे मागे टाकले आणि नदी ओलांडली की आंबी लागते. पुढे नवलाख उंबरे, आणि त्या अंगाला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेले तळेगावचे औद्योगिक क्षेत्र. गावाच्या हद्दीत अभियांत्रिकी आणि इतर विद्याशाखांची महाविद्यालये आली, त्यांच्यामागून वसतिगृहे, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने आली, आणि ज्या माळावर कधीकाळी गुरे चरत होती तेथे परीक्षेच्या दिवसांत सकाळी दुचाकी लावायला जागा मिळेनाशी झाली. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात तेथील मोटारींचे उत्पादन थांबले, आणि २०२४ च्या जानेवारीत तो ह्युंदाईच्या ताब्यात गेला. या पंधरासोळा वर्षांत कारखान्याच्या दरवाजावरची पाटी बदलली, हजारो कामगारांच्या नशिबाची उलथापालथ झाली, पण त्या दरवाजापर्यंत जाणाऱ्या वाटेवरची रहदारी मात्र कोणत्याही पाटीखाली कमी झाली नाही. २०११ च्या जनगणनेत तळेगाव दाभाडे नगरपरिषदेची लोकसंख्या ५६ हजारांवर होती. त्यानंतर स्टेशनच्या आसपास, वराळ्यात, इंदोरीच्या वाटेवर ज्या इमारती उठल्या त्यांच्याकडे नुसते पाहिले तरी तो आकडा आज किती जुना झाला आहे हे कळते.

गावाचे खरे दुखणे असे, की ते महामार्गावर नाही, आणि महामार्गावाचून त्याला गत्यंतरही नाही. मुंबई–पुणे जुन्या महामार्गावरील वडगाव फाट्यापासून फुटून, तळेगावातून, इंदोरी आणि सुदुंबरे या गावांच्या अंगाने चाकणला आणि तेथून शिक्रापूरकडे जाणारा जो रस्ता, तो पूर्वी राज्यमार्ग क्रमांक ५५ म्हणून ओळखला जाई. पुढे त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळून ५४८ डी हा क्रमांक लाभला. क्रमांक ज्या तत्परतेने बदलला त्या तत्परतेने रुंदी बदलली नाही. न्हावाशेव्याच्या बंदरातून द्रुतगती मार्गाने वर चढून आलेले कंटेनर तळेगावाशी उतरून याच रस्त्याने चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांकडे जातात. तयार झालेल्या नव्या मोटारी लांबलचक वाहकांवर दाटीवाटीने बसून याच रस्त्याने बाहेर पडतात. कामगारांच्या बसगाड्या, वाळू-खडीचे हायवा, भाताचा पेंढा भरलेले ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या लटकविलेल्या मोटारसायकली, भंडाऱ्याच्या डोंगराकडे किंवा सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेल्या दिंड्या, हे सर्व त्याच दोन पदरांवर एकमेकांना सांभाळीत, कधी न सांभाळीत, चाललेले असतात. या रस्त्यावर अपघातांत माणसे गेली, त्यांच्यासाठी कृती समितीची आंदोलने झाली, उपोषणे झाली, रास्ता रोको झाले. रुंदीकरणाच्या घोषणाही झाल्या. तळेगाव ते चाकण वरून चौपदरी उन्नत मार्ग आणि खाली रस्त्याचे रुंदीकरण, अशी जी योजना अलीकडे राज्य शासनाने मंजूर केली, ती या घोषणांच्या मालिकेतली सर्वांत उंच घोषणा म्हणावी लागेल.

मावळाच्या नशिबी हे काही नवे नाही. घाटमाथा आणि पुण्याचे पठार यांच्यामध्ये इंद्रायणी आणि पवना या नद्यांची खोरी ज्या रीतीने पसरली आहेत, ती पाहता मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने येथूनच जावे अशी भूगोलाची आज्ञाच आहे. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून पुण्याकडे निघालेली इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत येऊन अडली आणि माघारी फिरताना वडगावात तिला शरणागतीचा तह करावा लागला. मुंबईहून पुण्याला निघालेल्या वाहतुकीची मावळात कोंडी झाल्याची ती बहुधा पहिलीच ठळक नोंद असावी. त्या कोंडीचे श्रेय मराठ्यांच्या युद्धनीतीला होते. आजच्या कोंडीचे श्रेय घेण्यास कोणी पुढे येत नाही. पुढे राज्य इंग्रजांचे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० च्या नोव्हेंबरात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली, १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई पुण्याला जोडली गेली. जुन्या रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग ४ झाला, त्याचाच नव्या क्रमवारीत ४८ झाला. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि त्या महामंडळाने बांधलेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा सहापदरी द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. तो पुरा झाल्यावर पुढे घाटातील कोंडीवर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव अशी १३ किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची 'मिसिंग लिंक' आखली गेली. तिचे काम २०१९ मध्ये सुरू झाले, तिच्यातील एक बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरांचा असून तो लोणावळ्याच्या तलावाच्या तळाखालून जातो, आणि तिच्या पूर्णतेच्या तारखा एकामागून एक पुढे ढकलल्या गेल्या.

या दोनशे वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट माझ्या लक्षात राहते. मार्ग आखणाऱ्यांनी प्रत्येक वेळी मोजली ती लांबी: मुंबई ते पुणे किती तास, किती मिनिटे वाचली, किती किलोमीटर घटले. मिसिंग लिंकने अंतर सहा किलोमीटरांनी कमी होईल आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचतील, हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण रस्त्याच्या या बाजूच्या घरातून त्या बाजूच्या शेतावर जाण्यास किती वेळ लागतो, ही मोजणी कोणत्याही अहवालात प्रामुख्याने आढळत नाही. शासन रस्त्याकडे लांबीच्या दिशेने पाहते, गाव त्याच्याकडे रुंदीच्या दिशेने पाहते. आणि रस्त्याची कामे चालू असण्याचा काळ जसजसा लांबत जातो तसतसा या दोन दृष्टींतला भेद नुसता दृष्टिभेद न राहता रोजच्या जगण्याचा भाग होऊन बसतो.

रस्त्याचे काम चालू असणे म्हणजे नेमके काय, हे शहरातून मोटारीने जाणाऱ्याला पुरते कळणे कठीण आहे. त्याच्या दृष्टीने ती एक पंधरावीस मिनिटांची अडचण असते. रस्त्यालगत राहणाऱ्याच्या लेखी मात्र तो एक ऋतू असतो, आणि हा ऋतू संपण्याची तिथी पंचांगात नसते. प्रथम मोजणीवाले येतात आणि झाडांच्या बुंध्यांवर चुन्याने किंवा लाल रंगाने आकडे टाकून जातात. मग बराच काळ काहीच होत नाही. त्यानंतर एके दिवशी जेसीबी येतो, साइडपट्टी उकरतो, घरासमोरची मोरी फोडतो, आणि घरातल्या माणसाला आपल्याच उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरण्यास फळी टाकावी लागते. खोदलेला चर पावसाळ्यापूर्वी बुजला तर नशीब. न बुजल्यास मृगाच्या पहिल्या सरीत त्याचा ओढा होतो. डांबराचे काम पावसात करता येत नाही, ही काही कोणाची सबब नसून पदार्थाचा धर्मच आहे. आणि मावळातला पाऊस जूनमध्ये येतो तो नवरात्राच्या आसपासच पुरता निरोप घेतो. वर्षाच्या बारा महिन्यांतून चार महिने असे आधीच वजा होतात. उरलेल्या आठांत महावितरणाचे खांब हलविणे, पाणीपुरवठ्याच्या नळवाहिन्या सरकविणे, झाडे तोडण्याची परवानगी, लोहमार्गावरून पूल न्यायचा असल्यास रेल्वेची मंजुरी, अशी कामे एकमेकांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात: खांब हलल्याशिवाय भराव नाही, भरावाशिवाय खडीकरण नाही, आणि खांब हलविण्याचे अंदाजपत्रक कोणत्या कचेरीत अडले आहे हे भराव करणाऱ्याला ठाऊक नसते. कार्यारंभ आदेशावर जी मुदत लिहिलेली असते ती या सर्व गोष्टी वेळेवर होतील असे गृहीत धरून लिहिलेली असते. म्हणून तिच्यापाठोपाठ मुदतवाढ येते, आणि मुदतवाढीपाठोपाठ दुसरी मुदतवाढ.

या बाबतीत मावळाला एकटे पडल्याचे दुःख नको. देहूरोडपासून साताऱ्यापर्यंतच्या १४० किलोमीटरांच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले, ते २०१३ मध्ये पुरे व्हावयाचे होते. त्यानंतरही कित्येक वर्षे पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या माणसाने वळणमार्गांचे फलक वाचीतच प्रवास केला. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या पहिल्या ८४ किलोमीटरांचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतले गेले, आणि त्यानंतर कोकणातल्या चाकरमान्याच्या दर गणेशोत्सवी प्रवासात त्या रस्त्याची निंदा हा आरतीइतकाच नियमित विधी होऊन बसला. या रस्त्यांवर जे घडले ते कोणा एका कंत्राटदाराच्या किंवा कोणा एका अधिकाऱ्याच्या दोषाने घडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. जमीन ताब्यात येण्यापूर्वी काम वाटले जाते आणि काम चालू असताना जमीन ताब्यात घेतली जाते, या एका उलट्या क्रमात निम्म्या विलंबाचे मूळ आहे.

आणि जमिनीचा प्रश्न निघाला की गावात आवाज बदलतो. रस्त्याखाली जाणारी जमीन एका दिवसात जात नाही. ती प्रथम कागदावर जाते. अधिसूचनेत गटनंबर छापून आला की त्या गटाच्या भोवती एक अदृश्य कुंपण पडते: विकत घेणारा माघार घेतो, बँक कर्ज देताना हात आखडता घेते, आणि घराची भिंत बांधायला काढलेला माणूस विटा रचून ठेवून वाट पाहत बसतो. महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ चा, राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ चा. त्यांच्या जोडीला १८९४ चा इंग्रजी अंमलातील भूसंपादन कायदा शंभराहून अधिक वर्षे चालू राहून २०१३ च्या कायद्याने बाजूला झाला, आणि २०१४ च्या जानेवारीपासून ग्रामीण भागातील जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळण्याची वाट मोकळी झाली. मोबदला वाढला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पैसे येण्यापूर्वी सातबाऱ्यावरील नावे जुळावी लागतात, आणि मावळातला सातबारा हा बहुतेक वेळा एका कुटुंबाचा नसून एका वंशावळीचा असतो. आजोबांच्या नावावरून वारसनोंद झालेली नसते. चुलत्यांचे वाटप तोंडी झालेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यात किंवा मुंबईत नांदावयास गेलेल्या आत्यांची नावे कागदावर असतात आणि वहिवाट मात्र भावांची असते. १९९४ च्या महाराष्ट्राच्या सुधारणेने आणि २००५ च्या केंद्राच्या सुधारणेने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. तो हक्क प्रत्यक्षात बजावण्याचा प्रसंग बहुधा भूसंपादनाच्या नोटिशीमुळेच प्रथम उभा राहतो. हक्कसोडपत्रावर सही करावी की नाही, या प्रश्नावरून रक्षाबंधनाला न गेलेल्या बहिणी आणि भाऊबीजेला न बोलाविलेले भाऊ या खोऱ्यात गावोगाव सापडतील. रस्त्याने गाव दुभंगले असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर डांबराची पट्टी असते. घरे आधीच दुभंगलेली असतात.

मोबदल्याचे पैसे आल्यानंतर काय होते, हे 'गुंठामंत्री' हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगावयास नको. पांढरी मोटार, गळ्यातली साखळी, शर्यतीच्या बैलांची जोडी, आणि दोन-चार वर्षांनी औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कारखान्याच्या दाराशी ठेकेदाराच्या नोंदवहीत कामगार म्हणून नाव, हा क्रम पुष्कळदा सांगितला जातो आणि सांगणारा तो थोड्याशा समाधानाने सांगतो. मला या समाधानात फारसा न्याय दिसत नाही. ज्यांनी त्या पैशांतून खेडच्या बाजूला किंवा शिरूरकडे जमीन घेतली, मुलींना शिकविले, विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधून भाड्याचे निश्चित उत्पन्न केले, त्यांची गोष्ट रंजक नसल्यामुळे कोणी सांगत नाही. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या मापाने संपत्ती ओळखली, त्याच्या हाती एकाएकी नोटांच्या मापाची संपत्ती देऊन, तिचे काय करावे हे शिकविणारी एकही कचेरी त्या तालुक्यात न ठेवता, वर त्याला हसणे हे शहाण्यांचे लक्षण नव्हे.

रस्त्यामुळे शेतीचे होणारे सर्वांत मोठे नुकसान मोबदल्याच्या हिशेबात येतच नाही, कारण ते रस्त्याखाली गेलेल्या जमिनीचे नसून रस्त्याबाहेर राहिलेल्या जमिनीचे असते. मावळाचे पीक भात आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसृत केलेला 'इंद्रायणी' हा सुवासिक तांदूळ आज पुण्या-मुंबईच्या घराघरांत शिजतो, आणि तो ज्या नदीचे नाव सांगतो तिच्याच काठची खाचरे ही त्याची जन्मभूमी आहे. भाताचे खाचर एकटे कधीच नसते. उताराच्या वरच्या अंगाला एक, त्याच्या खाली दुसरे, त्याखाली तिसरे, अशी ती पायऱ्यांप्रमाणे उतरत जातात; वरच्या खाचराच्या बांधाला एका कोपऱ्यात हातभर तोंड ठेवलेले असते आणि त्या तोंडातून जादा झालेले पाणी खालच्या खाचरात उतरते. हे तोंड किती उघडावे, किती दगड-मातीने मिटवावे, लावणीनंतर किती बोटे पाणी ठेवावे, वरच्याने रात्री पाणी सोडण्यापूर्वी खालच्याला हाक द्यावी, हा सर्व व्यवहार कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसून माणसांच्या आठवणीत आणि भांडणांत जतन झालेला आहे. या पायऱ्यांच्या मधून आठ-दहा फूट उंचीचा मुरमाचा भराव आडवा उठला, की वरच्या खाचरांत पाणी तुंबून रोप कुजते आणि खालच्या खाचरांत जमीन भेगाळते. अभियंता भरावाखालून मोरी ठेवतो, नाही असे नाही; परंतु ती तो नकाशावरच्या ओढ्याच्या जागी ठेवतो, आणि खाचरांतले पाणी ओढ्यात वाहण्याआधी बांधाबांधांतून दहा वाटांनी हिंडत असते. भराव होण्यापूर्वी ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे तांदूळ घरचे होते, त्याच्या शेताचा एक गुंठाही संपादित न होता त्याला दुकानातून तांदूळ आणावे लागतात. आणि त्याने अर्ज केला तर त्याचे नाव बाधितांच्या यादीत नाही, असे त्याला नियमानुसार कळविण्यात येते.

धुळीचे वेगळेच. दसऱ्यानंतर भात निसवून दाणा भरत असतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि रस्त्याचे काम पुन्हा जोमाने सुरू झालेले असते. टँकरने दिवसातून दोनदा पाणी मारण्याची अट कंत्राटात असली तरी टँकर सकाळचा येतो, दुपारचा येत नाही. तळेगावच्या आसपासची फुलशेतीची हरितगृहे, ज्यांतून गुलाब परदेशी जातात, ती या धुळीपासून आपला प्लास्टिकचा कागद धुऊन स्वतःचे रक्षण करू शकतात. भाताला असा कागद नाही. घरांतली भांडी, वाळत घातलेले कपडे, शाळेच्या बाकांवरची पाटी, सगळ्यांवर तीच तांबूस साय धरते.

तरीही रस्त्याच्या कामावर जगणारी माणसे थोडी नाहीत, आणि त्यांच्याविषयी न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. झारखंड, बिहार, ओडिशाकडून आलेले मजूर गावात खोल्या घेतात, त्यांच्या भाड्यावर एखाद्या विधवेचे घर चालते. वाहने जेथे अडतात तेथे चहाची टपरी चालते. कोंडी जितकी नियमित तितकी टपरी भरवशाची, आणि पंक्चर काढणारा तर खड्ड्यांविषयी कधीही वाईट बोलत नाही. मुरूम आणि खडीचे डंपर चालविणाऱ्यांत गावचीच मुले आहेत. काम संपले तर यांतल्या काहींचे काम जाईल, हे त्यांना कळते. त्यामुळे ग्रामसभेत रस्त्याच्या विलंबावर जेव्हा कडाक्याची चर्चा होते तेव्हा सर्वांचा आवाज सारखा चढत नाही.

आता ओलांडण्याचा मुद्दा. द्रुतगती मार्ग झाला तेव्हा त्यावर दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी आणि पायी माणूस यांना मज्जाव झाला. वेगाच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे. पण उर्से, ओझर्डे, बौर यांसारख्या गावांच्या शिवारांतून तो रस्ता गेला असल्यामुळे, ज्या माणसाच्या जमिनीवरून तो गेला त्यालाच त्यावर पाऊल ठेवण्याची परवानगी नाही, असा एक विचित्र न्याय त्यातून निष्पन्न झाला. त्याच रस्त्यावर बौरजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी उतरले. पवना धरणाचे पाणी बंद नळवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याला त्यांचा विरोध होता. मार्ग अडला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मावळाने टाटांच्या धरणांसाठी खोरी दिली, नंतर पुणे-पिंपरीच्या तहानेसाठी पाणी दिले, रस्त्यांसाठी शेते दिली. त्या दिवशी आपले म्हणणे मांडण्यासाठी त्याला जी जागा सुचली ती या देण्याघेण्याच्या जमाखर्चात अगदी तर्कशुद्ध होती. अडविल्याशिवाय कोणी थांबून ऐकत नाही, हे लांबीच्या रस्त्याने रुंदीच्या गावाला शिकविलेले आहे. सोमाटण्याच्या टोलनाक्याविरुद्ध तळेगावकरांनी जे आंदोलन केले त्यामागेही हीच व्यथा होती: दोन नाक्यांत साठ किलोमीटरांचे अंतर असावे हा नियम, वरसोली आणि सोमाटणे यांतले अंतर त्याच्या निम्मे, आणि लांबचा प्रवासी एकदा देईल तो कर स्थानिकाने दूध घालायला, मुलाला शाळेत सोडायला जाताना पुनःपुन्हा द्यावयाचा.

नदी ओलांडण्याची कथा याहून दारुण आहे. आंबीच्या खालच्या अंगाला, इंदोरीजवळ, कुंडमळा म्हणून इंद्रायणीचे एक खडकाळ पात्र आहे. तेथे शेतकऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेला एक लोखंडी पूल होता. तो धोकादायक असल्याचे फलक लागले होते, नवा पूल मंजूर झालेला होता, पण उभा राहिला नव्हता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पावसाचे पाणी पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकांची त्यावर गर्दी झाली आणि पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पर्यटकांच्या बेशिस्तीवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते गैर होते असे नाही. मात्र त्याच नदीपासून काही मैलांवर डोंगर फोडून जगातल्या रुंद बोगद्यांत गणना व्हावी असा बोगदा खणला जात असताना, दोन काठांच्या शेतकऱ्यांना एक धड पूल मिळण्यास इतका काळ का लागावा, हा प्रश्न लांबीच्या आणि रुंदीच्या मोजमापातला फरक जितका उघडा करतो तितका तो दुसऱ्या कशानेही होत नाही.

यापुढे येणारा रस्ता पुण्याभोवतीचा चक्राकार मार्ग. एकशे दहा मीटर रुंदीचा हा मार्ग उर्स्याजवळ द्रुतगती मार्गाला मिळतो आणि त्याचा पूर्वेकडचा भाग मावळातून खेडच्या दिशेने जातो. त्याच्या संपादनाच्या नोटिसा, मोजण्या आणि निवाडे यांनी या पट्ट्यातील गावे गेली काही वर्षे गजबजलेली आहेत. एकशे दहा मीटर म्हणजे तीनशे साठ फूट. एवढ्या रुंदीच्या पट्ट्यापलीकडे स्वतःचे शेत असणाऱ्याला पलीकडे जाण्याची सोय किती अंतरावर मिळणार, यावर त्याची पुढची तीस वर्षे अवलंबून आहेत, आणि म्हणूनच गावांच्या मागण्यांत हल्ली मोबदल्याच्या बरोबरीने भुयारी मार्गाचा उल्लेख येऊ लागला आहे. मागण्याही आता सूक्ष्म झाल्या आहेत. मोठ्या वाहनांसाठीच्या भुयारी मार्गाला साडेपाच मीटर उंची ठेवण्याचा दंडक आहे; त्याहून कमी उंचीचा दिल्यास मोटार जाते, परंतु पेंढ्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली जात नाही, आणि पेंढा ट्रॉलीत अर्धाच भरावा तर डिझेल दुप्पट लागते. भुयारी मार्गाचा तळ आजूबाजूच्या खाचरांच्या खाली गेल्यास आषाढात त्यात कंबरभर पाणी साठते. म्हणून तळ कोणत्या पातळीला, पाणी कोणत्या बाजूस काढणार आणि ते पाणी कोणाच्या खाचरात उतरणार, हे भराव उठण्याच्या आत ठरावे लागते. मोजणीच्या दिवशी गटाची हद्द दाखविण्यासाठी जो शेतकरी भूकरमापकाबरोबर बांधावरून चालतो, त्याला पाण्याच्या या सर्व वाटा ठाऊक असतात. मोजणीच्या पत्रकात मात्र त्या लिहिण्यासाठी रकाना नाही, आणि तो रकाना घालावा एवढीच या पट्ट्यातल्या काही शहाण्या माणसांची सध्याची मागणी आहे.